डोमेनच्या पीसीवर टेम्पररी प्रोफाइल येतंय, डेस्कटॉप रिकामा दिसतोय: फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

भाऊ, तुमच्या कॉलेजच्या पीसींचा प्रश्न वाचला, तो खाली मांडलाय, पण आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. ज्या पीसीवर तुम्ही सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये जाऊन त्या मॅडमचं फोल्डर डिलीट केलंय, तो पीसी आता कुणाला वापरू देऊ नका. साधं डिलीट केलं असेल तर ज्या अकाउंटने लॉगिन करून डिलीट केलं त्याच अकाउंटचं रिसायकल बिन उघडून बघा, कारण रिसायकल बिन प्रत्येक युजरचं वेगळं असतं, मॅडमच्या लॉगिनमध्ये कितीबी शोधलं तरी सापडणार नाही, तुमच्या ॲडमिनच्या लॉगिनमध्ये सापडेल. आणि शिफ्ट दाबून उडवलं असेल तर पीसी बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या पीसीला जोडा, रिकव्हरी तिथून करा आणि सापडलेल्या फायली तिसऱ्याच डिस्कवर घ्या. त्याच सी ड्राइव्हवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून टाकू नका, ते नेमकं त्याच रिकाम्या झालेल्या जागेवर जाऊन बसू शकतं. साधी हार्डडिस्क असेल तर बरीच आशा आहे, एसएसडी असेल तर कमी, कारण कुठली जागा मोकळी झाली हे विंडोज एसएसडीला लगेच कळवतं आणि ती जागा आतून पुसली जाते.

आता तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो, चुकला असेल तर सांगा. जालना जिल्ह्यातलं कॉलेज आहे, ऑफिस आणि लॅब मिळून चाळीसेक पीसी, सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१९, दिवाळीच्या सुट्टीत सगळे पीसी डोमेनला, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्यांचं लॉगिन सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडले. तेव्हापासून ऑफिसातल्या तीन-चार जणांना लॉगिन केलं की डेस्कटॉप कोरा दिसायलाय आणि टेम्पररी प्रोफाइलने लॉगिन झालंय असा मेसेज यायलाय, काही जण म्हणायलेत आमच्या जुन्या फायलीच गेल्या, आणि सकाळी लॉगिनला पाच-पाच सात-सात मिनिटं लागायलेत. तुम्ही ते पीसी दोनदा डोमेनमधून काढून परत जोडले, त्या मॅडमचं फोल्डर डिलीट करून बघितलं, काहीच फरक नाही, आणि आता विचारताय की सगळे फॉरमॅट मारू का डोमेनच काढून टाकू.

माझं म्हणणं असं आहे की तुमच्याकडं एक आजार नाही, तीन आहेत, आणि तिन्हींचं लक्षण वरून सारखंच दिसतं म्हणून तुम्ही तिघांना एकच गोळी देताय. मी नांदेड, परभणी, हिंगोली या पट्ट्यात पतसंस्था, जिनिंग, कॉलेजं, दवाखाने अशा ठिकाणची नेटवर्कं अठरा वर्षं सांभाळतोय, आणि प्रोफाइलच्या तक्रारीत सगळ्यात जास्त नुकसान मूळ बिघाडाने होत नाही, घाईने केलेल्या दुरुस्तीने होतं, हे मी परत परत बघितलंय. डेस्कटॉप कोरा दिसला याचा अर्थ फायली गेल्या असा नसतो. बहुतेक वेळा फायली जागेवरच असतात, विंडोजला तिथपर्यंतचा रस्ता सापडत नसतो. पण आपण घाबरून काहीतरी डिलीट करतो आणि मग मात्र खरंच जातात.

प्रोफाइल म्हणजे नेमकं काय ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. सी ड्राइव्हच्या युजर्समधलं फोल्डर म्हणजे अख्खं प्रोफाइल नाही. त्या फोल्डरात एनटीयुजर डॉट डॅट नावाची एक लपवलेली फाइल असते, ती त्या युजरची रजिस्ट्री, म्हणजे त्याच्या सगळ्या सेटिंगा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मशीनच्या रजिस्ट्रीत प्रोफाइललिस्ट नावाचा कप्पा असतो, त्यात प्रत्येक युजरच्या एसआयडीसमोर त्याचं फोल्डर कुठंय ते लिहिलेलं असतं. एसआयडी म्हणजे एस-१-५-२१ ने सुरू होणारा तो लांबलचक नंबर. शेताला घरात आपण विहिरीचं, आंब्याचं, काहीबी म्हणतो, पण तलाठ्याकडं गट नंबर चालतो. तसंच विंडोजला युजरचं नाव चालत नाही, एसआयडी चालतो. नाव तेच आणि एसआयडी वेगळा म्हणजे विंडोजच्या लेखी तो परका माणूस, त्याला नवीन कोरं फोल्डर मिळणार.

यावरून तुमच्या लक्षात येईल की डोमेनमधून काढून परत जोडण्याने प्रोफाइल का सुधारलं नाही. डोमेन युजरचा एसआयडी सर्व्हरवर असतो, पीसी काढला काय न जोडला काय, तो बदलत नाही, आणि पीसीच्या रजिस्ट्रीतली बिघडलेली नोंदबी तशीच राहते. मग दोनदा जोडलं काय न वीसदा जोडलं काय.

आणि तुम्ही जे फोल्डर डिलीट केलं त्याने टेम्पररी प्रोफाइल अजून पक्कं झालं. फोल्डर गेलं पण प्रोफाइललिस्टमधली नोंद राहिली, मॅडमने लॉगिन केलं, विंडोज त्या पत्त्यावर गेलं, तिथं घरच नाही, मग त्याने टेम्प नावाचं तात्पुरतं घर बांधून दिलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ॲप्लिकेशन लॉगला १५११ नंबरचा इव्हेंट दिसेल बघा, तो हेच सांगतो. प्रोफाइल काढायचंच असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबला युजर प्रोफाइल्सची सेटिंग असते तिथून काढायचं, म्हणजे फोल्डर आणि नोंद दोन्ही सोबत जातात. एक्सप्लोररमधून कधीच नाही. आणि तिथून काढलेलं सरळ जातं, रिसायकल बिनमध्ये येत नाही, म्हणून आधी बॅकअप.

कुठलाबी प्रोफाइलचा फोन आला की मी पीसीला हात लावायच्या आधी दोन प्रश्न विचारतो. हाच युजर दुसऱ्या पीसीवर लॉगिन केला तर नीट चालतोय का? आणि याच पीसीवर दुसरा डोमेन युजर लॉगिन केला तर नीट चालतोय का? पाच मिनिटांत होणारी तपासणी आहे पण अर्ध्याहून जास्त काम इथंच होतं. एकच युजर एकाच पीसीवर अडतो आणि बाकी सगळं ठीक, तर त्या पीसीवरचं त्याचं लोकल प्रोफाइल बिघडलंय. त्या पीसीवर सगळेच अडतात तर पीसीचा लोचा आहे, डिस्क, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा), घड्याळ, ट्रस्ट (पीसी आणि डोमेनची एकमेकांची ओळख) यातलं काहीतरी. नवीनच युजर अडतात पण जुने ठीक, तर त्या पीसीवरचं डिफॉल्ट नावाचं प्रोफाइल बिघडलंय, कारण नवीन माणसाचं प्रोफाइल त्याच्यावरूनच कॉपी होतं. आणि तो युजर कुठल्याच पीसीवर नीट चालत नाही तर सर्व्हरवर बघा, त्याच्या अकाउंटमध्ये प्रोफाइलचा पाथ टाकलाय का, त्या शेअरला, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरला, परमिशन आहे का, पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून लावलेला नियम, कुठली लागतीय.

सोबत अजून एक बारीक गोष्ट, युजर नेमका कोण म्हणून लॉगिन झालाय ते बघा. कमांड प्रॉम्प्टला हू-ॲम-आय कमांड मारली की डोमेनचं नाव आणि युजर दिसतो, सोबत स्लॅश युजर लावलं तर एसआयडीपण दिसतो. कितीतरी वेळा असं झालंय की लोकल, म्हणजे फक्त त्या पीसीवरच्या, अकाउंटचंबी नाव ऑफिस आणि डोमेनवरचंबी नाव ऑफिस, एक दिवस माणूस लोकलने लॉगिन होतो, दुसऱ्या दिवशी डोमेनने, आणि म्हणतो काल केलेलं आज दिसत नाही. बिघडलेलं काहीच नसतं.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं, म्हणजे जुन्या फायली गेल्या म्हणणाऱ्यांचं, कारण जवळपास हेच असणार. दिवाळीच्या आधी ते लोक लोकल अकाउंटने काम करत होते, डोमेन जोडल्यावर त्यांना नवीन डोमेन अकाउंट मिळालं, नाव सारखं असलं तरी एसआयडी वेगळा, म्हणून कोरं प्रोफाइल तयार झालं. युजर्स फोल्डर उघडा, तिथं एक फोल्डर नुसत्या नावाचं आणि दुसरं नावापुढं टिंब देऊन डोमेनचं नाव लागलेलं दिसेल. जुनं सगळं पहिल्यात पडलेलं आहे. हे पीसी जोडायच्या आधीच लोकांना सांगायला पाहिजे होतं आणि डेटा हलवायला पाहिजे होता, पण झालं ते झालं, आता शांतपणे हलवा. दोन रस्ते आहेत. एक, हाताने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स कॉपी करा. दोन, फॉरेन्सआयटी कंपनीचं युजर प्रोफाइल विझार्ड नावाचं टूल आहे, ते जुनं लोकल प्रोफाइल आहे तसं उचलून डोमेन युजरच्या नावाने लावून देतं, सेटिंगांसकट. चार-पाच पीसी असतील तर मी हाताने करतो कारण त्या निमित्ताने कचरा साफ होतो, पंचवीस-तीस असतील तर टूल वापरतो. दोन्ही रस्त्यांत आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी बाहेरच्या डिस्कवर.

हाताने कॉपी करताना काय राहतं ते सांगतो, कारण दुसऱ्या दिवशी फोन त्याचाच येतो. आउटलुक वापरत असतील तर पीएसटी फाइल, म्हणजे पीसीवर साठवलेल्या मेल, आठवणीने घ्या, ओएसटी, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची प्रत, घेतली नाही तरी चालतं, ती मेल सर्व्हरवरून परत तयार होते. क्रोमचं फोल्डर घेतलं तर बुकमार्क येतात पण सेव्ह केलेले पासवर्ड नुसतं फोल्डर उचलून सहसा येत नाहीत, ते त्या विंडोज युजरच्या किल्लीने बांधलेले असतात, म्हणून जुनं लॉगिन चालतंय तोवर त्यातून एक्सपोर्ट करून घ्या. अख्खं ॲपडेटा, म्हणजे सॉफ्टवेअरांच्या सेटिंगांचं लपवलेलं फोल्डर, उचलून नव्यात टाकायचा मोह आवरा, बिघाडपण सोबत येतो. आणि विंडोजची रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरत असाल तर जंक्शन, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडं नेणारी वाट, वगळायचा तो एक्सजेवाला स्विच लावा, नाहीतर ॲपडेटाच्या आत ॲपडेटाच्या आत असं करत कॉपी संपतच नाही.

आणि आपल्याकडची हमखास तक्रार म्हणजे "माझं मराठी गेलं." हे हसण्यावारी नेऊ नका, त्या क्लार्कचं सगळं काम त्याच्यावर असतं. कीबोर्ड लेआउटची सेटिंग युजरप्रमाणे असते, नवीन प्रोफाइलमध्ये मराठी कीबोर्ड परत जोडावा लागतो. फॉन्टचं अजून निराळं, विंडोज दहामध्ये फॉन्टवर राइट क्लिक करून साधं इन्स्टॉल केलं की तो फक्त त्या युजरपुरता बसतो, त्याच्या ॲपडेटामध्ये. कृतीदेव किंवा श्रीलिपीचे फॉन्ट असे बसवलेले असतील तर नवीन प्रोफाइलमध्ये जुनी पत्रं उघडली की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात आणि माणूस म्हणतो फाइल करप्ट झाली. फाइल ठीक असते. फॉन्ट टाकताना सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल असा ऑप्शन असतो, तो निवडा, परत हा प्रश्न येत नाही.

आता पहिला आणि खरा आजार, टेम्पररी प्रोफाइल. इथं सगळ्यात आधी त्या तीन-चार जणांना आजच सांगा की तो मेसेज दिसतोय तोवर डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये काहीच सेव्ह करायचं नाही, केलेलं असेल तर लॉगऑफ व्हायच्या आधी डी ड्राइव्हला किंवा पेनड्राइव्हला घ्यायचं. टेम्पररी प्रोफाइल लॉगऑफ केलं की पुसलं जातं. एका पतसंस्थेत मार्च एंडच्या दिवसांत एका ताईंनी दिवसभर बसून थकबाकीची यादी केली, डेस्कटॉपवर सेव्ह केली, संध्याकाळी पीसी बंद केला. सकाळी मला फोन आला तेव्हा काहीच शिल्लक नव्हतं. तो मेसेज त्यांना सकाळीच दिसला होता, पण इंग्रजीत कोपऱ्यात आला न गेला, त्याचा अर्थ काय हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सांगायला मीच पाहिजे होतो. तेव्हापासून मी जिथं डोमेन लावतो तिथं एक पॉलिसी हमखास चालू करतो, टेम्पररी प्रोफाइलने लॉगिनच होऊ द्यायचं नाही अशी पॉलिसी ग्रुप पॉलिसीत युजर प्रोफाइल्सच्या खाली आहे. लॉगिन अडलं तर माणूस फोन करतो, आणि फोन आलेला परवडतो.

दुरुस्तीची माझी पद्धत अशी. आधी पीसी पूर्ण रीस्टार्ट करा, नुसतं लॉगऑफ नाही. कधी कधी अँटिव्हायरसने किंवा अजून कुठल्या सर्व्हिसने एनटीयुजर फाइल धरून ठेवलेली असते, विंडोजला ती उघडता येत नाही आणि ते टेम्पररी देऊन मोकळं होतं. रीस्टार्टने सुटलं आणि लॉगमध्ये १५३०ची वॉर्निंग परत परत दिसली तर अँटिव्हायरसकडं बघा. एखादवेळची १५३० मनावर घेऊ नका.

सुटलं नाही तर दुसऱ्या ॲडमिन अकाउंटने लॉगिन करा, ज्याचं बिघडलंय त्याच्याने नाही. त्याचं फोल्डर जागेवर आहे का, किती जीबीचं आहे ते बघा आणि पहिल्यांदा त्याची कॉपी बाहेर घ्या. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीनच्या खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन असं जात जात प्रोफाइललिस्टला या आणि तो अख्खा कप्पा एक्सपोर्ट करून ठेवा. आता त्या युजरचा एसआयडी शोधा, प्रत्येक नोंदीत प्रोफाइल इमेज पाथमध्ये फोल्डरचं नाव असतं त्यावरून कळतं. बहुतेक वेळा तोच एसआयडी दोनदा दिसेल, एक साधा आणि एकाच्या शेवटी टिंब बॅक लावलेलं. बॅकवाली नोंद खरी जुनी, साधी ती टेम्पकडं बोट दाखवणारी. साधीचं नाव बदलून पुढं ओल्ड लावा, बॅकवालीचं टिंब बॅक काढून टाका, तिचा पाथ बरोबर जुन्या फोल्डरचा आहे याची खात्री करा, स्टेट नावाची व्हॅल्यू शून्य करा, रीस्टार्ट करा, मग युजरला लॉगिन करायला सांगा. नोंद एकच असेल आणि तिचा पाथ टेम्पचा झाला असेल तर पाथ दुरुस्त करा. आणि बॅकवाली एकच असेल, साधी नसेलच, तर नुसतं बॅक काढून स्टेट बघा.

पण हे करून परत दुसऱ्या दिवशी टेम्पररी आलं, तर रजिस्ट्रीशी खेळणं बंद करा. याचा अर्थ एनटीयुजर फाइलच खराब आहे, लॉगला १५०२ किंवा १५०८ दिसेल, आणि ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा सिस्टिम प्रॉपर्टीजमधून प्रोफाइल काढून नवीन करणं आणि डेटा परत टाकणं हे तासाभराचं काम आहे. नवीन प्रोफाइलबी महिनाभरात खराब झालं तर डिस्क तपासा. आपल्याकडं लाइट जाते, कॉलेजात यूपीएस असला तरी बॅटरी दोन वर्षांपूर्वीच बसलेली असते, पीसी भरल्या कामात धाडकन बंद होतो आणि नेमकं तेव्हा विंडोज एनटीयुजर फाइलमध्ये लिहीत असलं तर ती अर्धवट राहू शकते. एका जिनिंगच्या ऑफिसात मी एकाच पीसीवर एकाच माणसाचं प्रोफाइल एका हंगामात तीनदा नवीन केलं, चौथ्यांदा चेकडिस्क लावलं तर बॅड सेक्टर निघाले. पहिल्याच खेपेला बघायला पाहिजे होतं. आता दुसऱ्या खेपेलाच बघतो. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलणं हासुद्धा प्रोफाइलचाच इलाज आहे, प्राचार्यांना असं सांगितलं तर पटतं.

तिसरा आजार, सकाळचं उशिराचं लॉगिन. इथं मी प्रोफाइलकडं बघायच्या आधी डीएनएस बघतो. पीसीवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा आणि डीएनएस सर्व्हर काय दिसतोय ते बघा. तिथं फक्त तुमच्या डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचा, आयपी असायला पाहिजे. राउटरचा नाही, गूगलचा ८.८.८.८ नाही, आणि पहिल्या खान्यात सर्व्हर न दुसऱ्या खान्यात ८.८.८.८ असंबी नाही. लोक म्हणतात दुसरा तर निस्ता बॅकअपला आहे, पण पहिला जरा उशिरा बोलला की पीसी दुसऱ्याकडं जातो आणि मग तिथंच विचारत राहतो, आणि गूगलला तुमच्या कॉलेजचा डोमेन कंट्रोलर कुठंय हे ठाऊक असायचं कारणच नाही. इंटरनेटसाठी सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर, म्हणजे बाहेरच्या नावांची चौकशी पुढं पाठवायची सेटिंग, टाका, पीसीवर नाही. इंटरनेटवाला नवीन राउटर बसवून गेला, त्याचं डीएचसीपी, म्हणजे पीसींना आपोआप आयपी आणि डीएनएस वाटणारी सोय, चालू राहिलं, आणि निम्मे पीसी राउटरकडून डीएनएस घ्यायला लागले, ही गोष्ट मी इतक्यांदा बघितलीय की तुमच्याकडंबी दिवाळीच्या आसपास राउटर बदललाय का ते आधी विचारा.

हे लवकर लक्षात का येत नाही, तर विंडोज मागच्या दहा युजरांची लॉगिनची आठवण पीसीवर ठेवतं. सर्व्हर सापडला नाही तरी जुना माणूस लॉगिन होतो. म्हणजे वरवर सगळं चालू, पण पॉलिसी लागत नाही, शेअर ड्राइव्ह येत नाही, सर्व्हरवरचं डेस्कटॉप दिसत नाही, आणि तक्रार मात्र प्रोफाइलची येते.

डीएनएस बरोबर असेल तर घड्याळ. पीसी आणि सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस, म्हणजे लॉगिनची ओळख तपासणारी पद्धत, अडतं. सुट्टीत महिनाभर बंद राहिलेल्या जुन्या पीसीचा बटण सेल संपलेला असतो, तारीख कुठल्या कुठं जाते. तो सीआर २०३२ सेल कुठल्याबी मोबाइलच्या नाहीतर घड्याळाच्या दुकानात मिळतो, लॅबसाठी एकदम वीस-पंचवीस आणून ठेवा.

मग ट्रस्ट. पॉवरशेलमध्ये टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनल मारा, फॉल्स आलं तर त्यालाच रिपेअर जोडून चालवा, डोमेनमधून काढायची गरज पडत नाही. इथं एक गैरसमज लई पसरलाय की पीसी तीस दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला की डोमेनमधून गळतो. मशीनचा पासवर्ड तीस दिवसांनी बदलतो हे खरं, पण तो बदलायला पीसी स्वतः सुरुवात करतो, बंद पीसीचा पासवर्ड सर्व्हर आपोआप बदलत नाही. ट्रस्ट तुटतो तो जुनी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची साठवलेली प्रत, टाकल्याने, सिस्टिम रिस्टोअर मारल्याने, त्याच नावाचा दुसरा पीसी जोडल्याने, नाहीतर सर्व्हरवर कुणी ते कॉम्प्युटर अकाउंट उडवल्याने. लॅबमध्ये एकाच इमेजवरून पीसी भरले असतील आणि नावं बदलायची राहिली असतील तर तिथंच बघा.

इतकं सगळं ठीक असूनही उशीर होत असेल तर रोमिंग प्रोफाइल लावलंय का ते बघा, सर्व्हरवर युजरच्या अकाउंटला प्रोफाइल टॅबमध्ये पाथ दिसेल. रोमिंगमध्ये डेस्कटॉपसकट जवळपास सगळं लॉगिनला सर्व्हरवरून येतं आणि लॉगऑफला परत जातं, कुणी डेस्कटॉपवर स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ ठेवले की सगळी लाइन बसते. शिवाय विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे सर्व्हरवरचं फोल्डर वेगळं होतं, विंडोज सातचं व्ही२ आणि विंडोज दहाच्या १६०७ पासून पुढं व्ही६, म्हणजे एकच माणूस ऑफिसात सातवर आणि लॅबमध्ये दहावर बसला तर त्याला दोन वेगळी दुनिया दिसणार. माझं मत विचाराल तर चाळीस पीसीच्या जागेत, जिथं ऑफिसातला माणूस रोज त्याच खुर्चीत बसतो, तिथं रोमिंग नकोच. प्रोफाइल लोकल ठेवा, फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर रिडायरेक्शनने सर्व्हरवर न्या. मग प्रोफाइल बिघडलं तरी फायली सर्व्हरवर सुरक्षित, नवीन प्रोफाइल केलं की आपोआप दिसतात. एवढंच की सर्व्हरचा रोज बॅकअप आणि चांगला यूपीएस पाहिजे, नाहीतर सगळी अंडी एकाच टोपल्यात. लॅबला पोरं रोज बदलतात, तिथं मँडेटरी प्रोफाइल लावा, लॉगऑफला सगळं पुसलं जाऊ द्या.

काही गोष्टी मला इथून सांगता येत नाहीत, त्या तुमच्या परिस्थितीवर आहेत. उदाहरणार्थ दिवाळीत सर्व्हर नवीन बसवला का जुना फॉरमॅट मारून त्याच नावाचं डोमेन परत केलं? परत केलं असेल तर नाव तेच असलं तरी डोमेन नवीन आहे, सगळ्यांचे एसआयडी नवीन, सगळ्या पीसींचा ट्रस्ट तुटलेला, आणि मग वरचं बॅकचं औषध उपयोगाचं नाही, प्रत्येकाचा डेटा जुन्या फोल्डरातून नव्यात न्यावाच लागेल. तसंच कुणाचा पासवर्ड विसरला म्हणून युजर डिलीट करून त्याच नावाने परत बनवलाय का? तेबी तसंच, नवीन एसआयडी. पासवर्ड रीसेट करायचा असतो, युजर उडवायचा नसतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं, म्हणजे सर्व्हरवरच्या युजरांच्या यादीचं, रिसायकल बिन आधीपासून चालू असेल तर उडवलेला युजर त्याच एसआयडीसकट परत आणता येतो, नसेल तर आजच चालू करून ठेवा, पुढच्या वेळेला कामाला येईल.

फॉरमॅटचं म्हणाल तर नका मारू. चाळीसपैकी तीन-चार जणांचं प्रोफाइल बिघडलंय, त्यासाठी चाळीस जणांचा डेटा धोक्यात कशाला घालायचा, आणि डीएनएस चुकीचा असेल तर फॉरमॅटनंतरबी सोमवारी सकाळी तेच सात मिनिटं लागणार. डोमेनबी काढू नका, ते बरोबर केलंय तुम्ही.

उद्या सकाळी मॅडमच्या डिस्कपासून सुरुवात करा, मग एका हळू पीसीचा डीएनएस बघा, मग टेम्पररीवाल्या एकाच पीसीवर, एकाच युजरचं, कॉपी घेऊन वरची पद्धत करून बघा. तो नीट झाला की दुसऱ्याला हात लावा. आणि मला चार गोष्टी लिहून पाठवा, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये युजर प्रोफाइल सर्व्हिसचे कुठले नंबर दिसले, युजर्स फोल्डरात त्या माणसाच्या नावाची किती फोल्डरं आहेत, आयपीकॉन्फिगमध्ये डीएनएस काय आहे, आणि सर्व्हर दिवाळीत परत बनवला होता का. आणि मॅडमच्या फोल्डरचं काय झालं तेबी कळवा, डिस्क एसएसडी निघाली तर सिस्टिम प्रोटेक्शन, म्हणजे विंडोजने फायलींच्या जुन्या प्रती ठेवायची सोय, चालू होतं का बघा, युजर्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्सचा टॅब आहे, त्यात दिवाळीनंतरची पण डिलीट करायच्या आधीची एखादी तारीख दिसली तर तिथून ते फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर काढता येईल.